भिकनच्या पाळण्यावरचं विमान

धुळे-दोंडाईचा लाईनवर तोताराम कंडक्टर हे एक प्रकरणच होतं. कॉलर कडक, बिल्ला घासून चकचकीत केलेला, आणि चेहरा असा, की गाडीत बसून प्रवाशांनी जणू त्याचा गुन्हाच केलाय. पण माणूस सरळ. कुणाची छत्री राहिली, कुणाचा जेवणाचा डबा राहिला, तर ती वस्तू स्टँडवरच्या कंट्रोलरकडे जमा व्हायचीच व्हायची. चिमठाण्याच्या थांब्यावर कुणी प्रेमाने चहा पुढे केला, तर हा तो घ्यायचा नाही. घेतलाच, तर पुढच्या फेरीला त्या माणसाला चहा पाजून मोकळा व्हायचा. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, हा त्याचा बाणा. लोक कौतुक करायचे, आणि पाठीमागे हसायचेही.

या बाण्याचं मूळ जळगावात होतं. तोतारामचा बाप तिथं एका डाळमिलवर रखवालदार होता. आई भिकुबाई मालकाच्या घरी भांडी घासायची आणि उरलंसुरलं पदराखाली झाकून आणायची. दुसऱ्याच्या ताटातलं शिळं खाऊन वाढलेला माणूस मोठेपणी एक तर कोडगा होतो, नाहीतर तिरसट. तोताराम तिरसट झाला. नोकरी लागली तसं त्याने आईला धुळ्याला, देवपुरातल्या दोन खोल्यांत आणलं आणि बजावलं, "माय, आते कोन्हा दारात जावानं नही."

भिकुबाईला ते ऐकून हसूच आलं असणार. कारण तिचं नावच मुळी दारोदार हिंडून मिळालेलं. तिच्या आधीची भावंडं दगावली, म्हणून तिच्या बापाने पाच घरं फिरून तिच्यासाठी कपडे मागितले आणि नाव ठेवलं भिकुबाई. मागून आणलेल्या लेकराकडे मृत्यू ढुंकून पाहत नाही, हा आपल्याकडचा जुना हिशेब. मागितलेलं म्हणजे दुसऱ्याचं, आणि दुसऱ्याचं कोण कशाला नेतो?

तोतारामची बायको भागाबाई हिची पहिली मुलगी आठ दिवसांत गेली. दुसरा मुलगा, त्याचं तोंड धड पाहिलंही नव्हतं, तो गेला. सत्त्याऐंशी सालच्या थंडीत तिसरा जन्मला, तेव्हा भिकुबाईने सुइणीच्या हातातून त्याला घेतानाच सांगून टाकलं, "हाऊ भिकन."

नावाने भागलं असतं तर तोतारामची ना नव्हती. पण नुसत्या नावाने यमाला फसवता येत नाही. अंगडं, टोपडं, दुपटं भागाबाईने स्वतः शेजारणींकडून पदर पसरून आणलं. तिला त्यात लाज वाटली नाही. दोन पोरं पुरलेल्या बाईला कशाची लाज वाटणार? मात्र पाळण्यावर बांधायची वस्तू बापानेच मागून आणायची, तीही सव्वा महिन्याच्या आत, असं भिकुबाईचं म्हणणं.

"तू बाप शे. तूच मांगाले जाय," ती रोज म्हणायची.

"जातो ना, माय."

"कव्हय? पोऱ्या लगीनले उना का मग जाशी?"

धुळ्यात मागणं शक्यच नव्हतं. ज्या लोकांवर रोज "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून खेकसायचं, त्यांच्याच दारात उभं राहून हात पसरायचा? म्हणून सुट्टी काढून तो जळगावला गेला. लहानपणीचं गाव, पण आता तिथं त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. सराफांच्या बाजूच्या एका गल्लीत, चांगलंसं घर पाहून दारात उभा राहिला. एक बाई बाहेर आली. "कोण पाहिजे?" तिने विचारलं. तोतारामने तोंड उघडलं, आणि म्हणाला, "पाणी मिळेल का?"

पाणी मिळालं. ते पिऊन तो पुढच्या घरी गेला, तिथंही पाणीच प्यायला. तिसऱ्या घरापर्यंत पोटात जागा उरली नाही, तेव्हा स्टँडवर येऊन परतीच्या गाडीत बसला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. हा बहाद्दर ताक हा शब्दच उच्चारू शकला नाही.

सव्वा महिना भरत आला, आणि तशात ती पिशवी सापडली.

दोंडाईच्याची गाडी धुळ्याला लागली, माणसं उतरली. तोताराम सवयीने बाकांखाली वाकून बघत गेला, तर एका बाकाखाली कापडी पिशवी. आत जुन्या रुमालात गुंडाळलेलं एक विमान. पत्र्याचं हलकं जत्रेतलं नव्हे. ओतीव धातूचं, तळहाताहून थोडं मोठं, पण हातात घेतल्यावर मापासारखं जड. दोन इंजिनं, फिरणारे पंखे, शेपटीला दोन बाजूंना दोन उभी पाती, नाकावर काचेचा तुकडा. पंखांवर निळा, पांढरा, तांबडा असे एकात एक गोल. अशी वस्तू त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

नियम त्याला पाठ होता. पिशवी घ्यायची, कंट्रोलरच्या टेबलावर ठेवायची. तो चाललाही होता तिकडेच. मग वाटेत थांबला. समोर टेबल, मागे घर, आणि काखेत पिशवी. आजवर कुणाचा चहासुद्धा अंगावर न ठेवलेला हा माणूस त्या संध्याकाळी वळला आणि घरी गेला.

"मांगी लयना?" भिकुबाईने विचारलं.

"हो," तोताराम म्हणाला.

"कोन्हा घरनं?"

"दोंडाईच्याचे आहेत एक जण."

भिकुबाईने विमान कपाळाला लावलं. त्याला काळा दोरा बांधला आणि पाळण्याच्या पायथ्याच्या दांडीला घट्ट आवळून टाकलं, पोराच्या अंगावर पडू नये म्हणून.  भागाबाई नवऱ्याकडे अशी पाहत राहिली, की आज पहिल्यांदाच तिला तो आवडला असावा. ते पाहून तोतारामला आत कुठेतरी चुरचुरलं. पण पोरगं विमानाच्या पंख्याकडे बघून हसलं, आणि त्यानेही मनाला समजावलं, की चला, पोरासाठीच तर केलं.

दुसऱ्याच दिवशी दोंडाईच्याच्या स्टँडवर एक म्हातारा त्याची वाट पाहत उभा होता. चांदभाई. सायकल दुरुस्तीचं दुकान, पांढरी दाढी, एका कानाने ठार बहिरा. दर आठवड्याला सामान आणायला तो धुळ्याला यायचा. तोताराम त्याला ओळखत होता. त्याच्यावर कधी खेकसलासुद्धा नव्हता, इतका तो गरीब प्रवासी.

"साहेब, काल मन्ही पिशवी राही गयी गाडीमा. रुमालमा गुंडाळेल विमान व्हतं."

"नाही दिसलं," तोताराम म्हणाला.

त्याला वाटलं होतं की म्हातारा वाद घालेल, वरिष्ठांकडे जातो म्हणेल. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. पण चांदभाईने नुसती मान हलवली. "तुम्हले दिसतं तं तुम्ही दिधंच असतं," तो म्हणाला, आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. तोतारामने बेलची दोरी इतक्या जोरात ओढली की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं.

त्यानंतर दर आठवड्याला चांदभाई गाडीत चढायचा आणि तिकीट घेताना हळूच विचारायचा, "साहेब, काही तपास लागना का?" आणि तोताराम दर आठवड्याला म्हणायचा, "नाही, चाचा." सुरुवातीला हे नाही म्हणताना तो उगाच सुटे पैसे मोजत बसायचा. मग सवय झाली, आणि सवय झाली याचीच जास्त लाज वाटू लागली. चोराच्या मनात चांदणं. गाडीत कुणी 'पिशवी' म्हटलं तरी तोतारामच्या हातातलं तिकिटांचं पंच थांबायचं.

एकदा शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "चाचा, खेळण्यासाठी इतकं काय करता?" तेव्हा चांदभाईने सगळं सांगितलं. बहिरा माणूस मोठ्याने बोलतो. अर्ध्या गाडीने ऐकलं, आणि तोताराम तर चिकटून उभाच होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईत चांदभाई आणि धुळ्याचा अभिमन हे दोघं खेचरांच्या पलटणीत होते. सिरिया नावाच्या मुलखात. तिथं जर्मनांना शरण गेलेले फ्रान्सवाले इंग्रजांच्या विरुद्ध उभे होते. कोण कुणाच्या बाजूने आणि का, ते खेचरांना आणि खेचरवाल्यांना कुणी सांगत नसतं. एका सकाळी डोंगराच्या कडेने तांडा चालला असताना दोन शेपट्यांचं एक विमान खाली आलं. चांदभाईचा कान गेला. अभिमन आख्खा गेला. त्याची बायको सुंदरबाई तेव्हा कोवळी पोर होती. सरकारी कागदात एवढंच आलं, की मेला. चांदभाई परत आल्यावर तिने विचारलं, "कसानी मरना तो?" हा म्हणाला, विमानाने. ती म्हणाली, विमान कसं असतं? आभाळात घारीएवढं दिसतं, ते माणसाला कसं मारतं? चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती अधूनमधून हेच विचारत राहिली. चांदभाईला चित्र काढता येईना आणि तिला नुसतं सांगून समजेना. शेवटी त्याचा पुतण्या शकील बोटीवर कामाला लागला. त्याने फ्रान्सच्या एका बंदरात, दोन शेपट्या आणि तीन रंगांचे गोल या खुणांवरून दुकानं पालथी घातली, आणि तेच विमान शोधलं. लहानसं, धातूचं, हुबेहूब.

"तिले दखाडाले लई जात व्हतू," चांदभाई म्हणाला. "बॉम्ब टाकनारं विमान शे ते, साहेब. खेळणं नही."

तोतारामला पुढचे थांबे कसे आले ते समजलं नाही. त्याच्या पोराच्या पायथ्याशी काय बांधलंय, ते आता त्याला कळलं होतं. घरी गेला तर भिकन त्या विमानाच्या पोटाला पायाने ढकलत होता आणि भिकुबाई त्याला गाणं म्हणून दाखवत होती. तोताराम न जेवता पडून राहिला. अंग दुखतंय म्हणाला. अंग कशाला दुखेल? पण आतल्या आत जे चाललं होतं, त्याला काय नाव द्यायचं हे त्याला सुचेना.

याउपर एक गोष्ट झाली. कंडक्टरच्या पोराचं नाव भिकन आहे, हे कुणीतरी चांदभाईला सांगितलं. पुढच्या खेपेला तो आला तो नातवाचं जुनं टोपडं घेऊनच. तिकीट हातात घेतल्यावर त्याने ते खिशातून अर्धं बाहेर काढलं.

"भिकनसाठे शे. पन असंच देतस नही, मांगनं पडस. तुम्ही मांगा, मी देस."

गाडी माणसांनी गच्च भरलेली. सगळे हसऱ्या तोंडाने बघत होते. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यांच्याही घरात चिंधा, भिकन होतेच की. दोन शब्द बोलायचे होते. ज्याची वस्तू चोरली तोच माणूस भीक हातात घेऊन समोर उभा होता.

"घरी खूप आहे, चाचा. पुढे सरका," तोताराम म्हणाला.

चांदभाईने टोपडं परत खिशात घातलं. जणू त्याचंच काही चुकलं होतं, असा तो खिडकीबाहेर बघत बसला. आपण माणूस म्हणून किती हलके झालो आहोत, हे तोतारामला त्या दिवशी पुरतं कळलं. पण कळलं म्हणून पाय घराकडे वळून विमान सोडवून आणतील, एवढं ते सोपं नव्हतं.

मग एका आठवड्यात चांदभाईने तपास विचारलाच नाही. तिकीट घेतलं आणि जागेवर जाऊन बसला. तोतारामलाच राहवेना. त्याच्या शेजारी जाऊन तो पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, "चाचा, आज विचारलं नाही?"

"आते काय इचारानं?" चांदभाई म्हणाला. "सुंदरबाईन्या डोयांनी बठ्ठं दिसनं बंद व्हई गयं. सापडनं तरी काय दखाडसू तिले?"

त्या दुपारी धुळ्याला गाडी लागल्यावर तोताराम तडक घरी गेला. चपलासुद्धा न काढता पाळण्याजवळ वाकला आणि काळा दोरा सोडू लागला. भिकुबाईने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"मांगेल वस्तू परत देतस नही रे! वस्तूसंगे पोऱ्या भी जास!"

तोताराम तसाच वाकलेला राहिला. सरळ उभं राहून सांगण्याची हिंमत नव्हती, म्हणून पाळण्यातल्या पोराकडे बघतच तो बोलला. "माय, मी ते मागितलंच नव्हतं. गाडीत सापडलं होतं. ज्याचं होतं तो दर आठवड्याला विचारतोय, आणि मी नाही म्हणतोय."

भिकुबाईचा हात सुटला. ती खाली बसली आणि तिने तोंडाला पदर लावला. इतके दिवस ज्याच्या आधारावर नातू जगतोय असं ती मानत होती, तो आधार होता चोरीचा! भागाबाई चुलीजवळून उठून आली. तिने आदळआपट केली नाही. दोऱ्याची गाठ दाताने सोडली, विमान पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"जा," ती म्हणाली. "आनि रिकामा हाते येऊ नका."

चांदभाई सायकलच्या सामानाच्या दुकानात सापडला. विमान पाहून त्याने हातातलं सामान खाली ठेवलं आणि ते घेतलं. तोताराम काहीतरी सांगू लागला, तर त्याने त्याला बोलू दिलं नाही. "पह्यले तिन्हाकडे चाला," म्हणाला. दोघं जुन्या धुळ्यातल्या एका अरुंद गल्लीत आले. ओट्यावर सुंदरबाई बसली होती. चांदभाईने विमान तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने ते दोन्ही हातांनी चाचपलं. पंख, इंजिनं, शेपटीची दोन पाती. बोटं पुन्हा पुन्हा फिरली, मधेच थांबली, पुन्हा फिरली. 

"इतलुसं?" ती म्हणाली. "इतलुसं व्हतं, आनि मन्हा इतल्या मोठा मानूसले खाई गयं?"

चांदभाईला सांगता येईना की खरं विमान घराएवढं मोठं होतं. ती पाहू शकत असती तर समोरच्या घराकडे बोट करून, हात पसरून सांगितलं असतं. आता तिच्या बोटांना जेवढं लागत होतं तेवढंच खरं. तो रडू लागला, आणि तोतारामला वाटलं, हे आपण केलं. हिने डोळ्यांनी पाहायचं होतं, ते आपण आपल्या पाळण्याला बांधून ठेवलं.

"अठे आखो कोन शे?" सुंदरबाईने मान वळवली.

"कंडक्टर शे," चांदभाई डोळे पुसत म्हणाला. "गाडीमा त्याले सापडनं."

म्हातारा त्याला वाचवत होता. गप्प राहिलं असतं तरी चालणार होतं.

"भला मानूस," सुंदरबाई म्हणाली. "देव तुन्हं भलं करो, भाऊ."

हा आशीर्वाद तोतारामला सहन झाला नाही. "माय, मी भला नही," तो आईशी बोलायचा त्या बोलीत बोलून गेला. "मी चोर शे. सीटखालथीन उचलं आनि घर लई गऊ. मन्हा पोऱ्याना पायनाले बांधं. मांगाले लाज वाटनी, म्हनीसन चोरं."

सुंदरबाईचा चेहरा कडक झाला. "मानूस मारानी वस्तू तू पोऱ्याना पायनाले बांधी?"

"मले मालूम नव्हतं."

"आनि मालूम पडनं तव्हय?"

 मालूम पडल्यावरही ते तिथंच बांधलेलं होतं.

"पोऱ्यानं नाव काय शे?" तिने विचारलं.

"भिकन."

सुंदरबाईने विमान पदराखाली घेतलं. समोरच्या ओट्यांवरच्या बायका ऐकत होत्या, एक सायकलवाला पाय टेकून थांबला होता. त्यातले निम्मे लोक तोतारामच्या गाडीने जाणारे. त्याच्या अंगावर खाकी शर्ट होता, छातीवर बिल्ला होता.

"विमान मी देवाव नही," ती म्हणाली. "ते मन्हं शे. दुसरं काय पाहिजे ते मांग."

तोतारामने खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांत पसरला आणि पुटपुटला.

"आयकू उनं नही," सुंदरबाई म्हणाली.

"माय, भीक घाल," तो म्हणाला.

"डोया गयात मन्हा, कान नही गया. कोन्हासाठे? मोठ्यानं मांग. गल्लीले आयकू जाऊ दे."

 तोतारामने जळगावच्या त्या दारात पाणी मागितलं होतं, गाडीत 'पुढे सरका' म्हटलं होतं. आता पुढे सरकायला जागा नव्हती. त्याने डोळे मिटले आणि स्टँडवर गावांची नावं पुकारायचा त्या आवाजात ओरडला, "माय, मन्हा भिकनले भीक घाल!"

गल्लीत कुणी हसलं नाही. समोरची एक बाई उठून घरात गेली आणि ओंजळभर काहीतरी घेऊन दारात येऊन उभी राहिली. चांदभाईचा हात खिशाकडे गेला. तोताराम पंचा पसरून उभा राहिला, मान खाली, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते.

"आते आयकू उनं," सुंदरबाई म्हणाली, आणि नेसत्या लुगड्याचा काठ दातांत धरून फाडू लागली.